तुपाच्या डब्याचा माग



फौजदारी वकिलाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत निवृत्त पोलिसाला बोलावलंत, तेव्हा संयोजकांच्या धाडसाला आधी दाद देतो. वकीलसाहेब समोरच्या रांगेत असते तर दहा मिनिटांत या भाषणाची उलटतपासणी झाली असती. जप्तीच्या पंचाला ते फार मऊ आवाजात एकच प्रश्न विचारत, "हीच वस्तू कशावरून?" पंच गडबडायचा, तपासी अंमलदार छताकडे बघायचा आणि आरोपी सुटायचा. या प्रश्नाचं उत्तर तपासाच्या पहिल्या दिवसापासून तयार ठेवायला पोलिसाला शिकवायचं कसं, एवढाच माझा आजचा विषय. उदाहरण मात्र मुद्दाम लहान चोरीचं घेतलंय. दुकानांतून टोळीनं होणाऱ्या चोऱ्यांचं.

खुनाचा तपास म्हटला की माणसं सरसावून बसतात. सुपरमार्केटातून तुपाचे डबे गेले, यात ऐकण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटत असेल. खात्यातही तसंच वाटतं. पण तपास शिकवायला याच्याइतकं चांगलं प्रकरण मला दुसरं दिसत नाही. कायदा, हिशेब, कॅमेऱ्याचा पुरावा, बाजाराची माहिती आणि स्वतःला आवरणं, या सगळ्यांची इथे एकदम परीक्षा होते.

समजा, पुण्यातल्या एका सुपरमार्केटात दोन बाया आणि एक तरुण शिरले. एक बाई कामावरच्या मुलीला तेलाच्या सवलतीबद्दल विचारत राहिली, दुसरीनं शेल्फवरचा माल पिशवीत टाकला, तरुण दाराशी उभा. पिशवीला आतून चंदेरी कागद लावलेला, म्हणजे टॅग असला तरी दारावरचं यंत्र बोंबलणार नाही. एक किलो तुपाचे डबे, बाळाच्या दुधाची पावडर, बदामाची पाकिटं असा ४,३०० रुपयांचा माल गेला. मॅनेजर फुटेज घेऊन पोलीस ठाण्यात येतो. ठाणे अंमलदार ऐकून घेतो, बेरीज करतो आणि एन.सी.चं, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्यांचं, पुस्तक पुढं ओढतो.

त्याचं अगदी चुकलं असंही नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ खाली ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र आहे. अदखलपात्र म्हणजे नोंद करायची, फिर्यादीला न्यायालयाचा रस्ता दाखवायचा, पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे अहवाल पाठवायचा. त्यांच्या आदेशाशिवाय तपासाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी तीच त्रयी पिंपरीत ३,९०० चा माल उचलते, तिसऱ्या दिवशी चाकणला ४,६०० चा. प्रत्येक ठाण्यात एक एन.सी. महिन्याभरात लाखाचा माल जातो आणि सरकारी कागदावर एकही दखलपात्र गुन्हा घडलेला नसतो. टोळीला ही मर्यादा माहीत असते. पिशवी भरताना तीसुद्धा बेरीज करते.

प्रशिक्षणाचा पहिला धडा इथेच द्यायचा. किमतीच्या चिठ्ठीवरून कलम ठरवू नका, घटना वाचा. त्याच संहितेत कलम ३०५ आहे, जुन्या दंडविधानातल्या ३८० चा वारस. मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतली चोरी त्यात येते. शिक्षा सात वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र, आणि पाच हजारांची अट नाही. दुकानातला नोकरच सामील असेल तर कलम ३०६. आणि नवं कलम ११२, किरकोळ संघटित गुन्हेगारीचं. गटाचा किंवा टोळीचा सदस्य म्हणून एकट्यानं वा मिळून केलेली चोरी त्यात बसते, आणि त्याच्या स्पष्टीकरणात दुकानातली उचलेगिरी नाव घेऊन नोंदवली आहे. शिक्षा किमान एक वर्ष, कमाल सात. शिवाय फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्यातल्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेतल्या, कलम १७४ प्रमाणे, एका प्रकरणातला एक गुन्हा जरी दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. म्हणजे वाट आहे. ती ठाणे अंमलदाराला दिसायला हवी.

मात्र ११२ मध्ये एक गोम आहे. गट कशाला म्हणायचं, टोळी कशाला, हे कलम सांगत नाही. वकीलसाहेबांसारख्या माणसाच्या हाती ही फट म्हणजे सोन्याची खाण, आणि ती तशी असावी असंच मला वाटतं. तिघं एकत्र चालत होते म्हणून टोळी होत नाही. कामाची वाटणी होती का, एकच वाहन पुन्हापुन्हा दिसलं का, घटनेच्या वेळी एकमेकांना फोन होते का, आणि मुख्य म्हणजे माल एकाच माणसाकडे जात होता का? यातला शेवटचा दुवा सगळ्यांत पक्का आणि शोधायला सगळ्यांत कंटाळवाणा. म्हणून तो बहुतेक दोषारोपपत्रांत सापडत नाही.

महिन्याभरात ४० किलो तूप कोण खाणार? हा प्रश्न प्रशिक्षणार्थींना विचारला की वर्ग हसतो, मग गप्प होतो. एवढा माल चोर घरात ठेवत नाही. त्याला गिऱ्हाईक ठरलेलं असतं, बहुधा चोरीच्या आधीच. कोणता माल जाणार हे सुद्धा ते गिऱ्हाईकच ठरवतं. रोनाल्ड क्लार्क या गुन्हेशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये ब्रिटिश गृहखात्यासाठी लिहिलेल्या निबंधात, चोर कोणत्या वस्तूंवर तुटून पडतात त्याचे गुण मांडले होते. लपवता येणारी, सहज उचलून नेता येणारी, हाताशी असणारी, मोलाची, लोकांना हवीशी आणि झटकन विकली जाणारी. दाढीची पाती, बाळाची पावडर, सुकामेवा, सौंदर्यप्रसाधनं या कसोट्यांवर उतरतात. वीस किलोचं तांदळाचं पोतं उतरत नाही. यातली झटकन विकलं जाण्याची कसोटी माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाची. त्याच्या आदल्या वर्षी माइक सटन या संशोधकानं त्याच खात्यासाठी सरळ असंच म्हटलं होतं, की चोरीच्या मालाचा बाजार आवळा, चोरी आपोआप घटेल. ऐकायला साधं आहे. पण आमचं सगळं शिक्षण चोराच्या हाताकडे बघण्याचं. त्या हातातून माल घेणारा हात आम्हाला कुणी दाखवलेलाच नसतो.

इथे इतिहास थोडा मदतीला घेतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जोनाथन वाइल्ड नावाचा गृहस्थ चोर पकडून देण्याबद्दल नामांकित होता. तुमचं घड्याळ चोरीला गेलं की त्याच्याकडे जायचं, तो मोबदला घेऊन घड्याळ 'शोधून' द्यायचा. सापडायचंच, कारण चोर त्याचेच होते. जो चोर ऐकत नसे त्याला तो फासावर पाठवी आणि वर सरकारी बक्षीस घेई. चोरीचा माल परत मिळवून देण्याबद्दल पैसे घेणं १७१८ च्या कायद्यानं गुन्हा ठरलं, आणि १७२५ साली वाइल्ड टायबर्नला फासावर गेला. जॉन गे यानं १७२८ च्या आपल्या 'बेगर्स ऑपेरा'तला पीचम त्याच्यावर बेतला. पुढे ब्रेख्तनं ते नाटक आपल्या पद्धतीनं घडवलं, आणि पुलंनी ब्रेख्तवरून 'तीन पैशाचा तमाशा' केला. तेव्हा पुण्यात त्या तमाशाला टाळ्या वाजवणाऱ्या मंडळींची या विषयाशी जुनी ओळख आहे म्हणायची.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. फ्रेडरिका मँडेलबॉम ही जर्मनीतून आलेली बाई एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्लिंटन आणि रिव्हिंग्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर कापडाचं दुकान चालवी. शहरभरच्या चोरांचं रेशीम तिच्या दुकानात जिरत असे. पोलिसांवर भरवसा उरला नव्हता म्हणून १८८४ मध्ये सरकारी वकिलानं पिंकर्टनच्या खाजगी हेरांना गाठलं. त्यांनी तिला पकडलं कसं? रेशमाच्या ताग्यांवर आधी गुप्त खुणा करून ठेवल्या, आणि मग तेच तागे तिच्या दुकानात शोधून काढले. वकीलसाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर १८८४ साली देऊन झालं होतं! खटल्याआधी ती जामीन मोडून कॅनडात पळाली आणि पुन्हा हाती लागली नाही, हा भाग सोडून द्या.

आता तुपाच्या डब्याकडे येऊ. तुमच्या पथकानं एका किराणा दुकानात नऊ डबे पकडले. हेच डबे कशावरून? नवा उपनिरीक्षक उत्साहानं बारकोड दाखवतो. बारकोड काहीही सिद्ध करत नाही. ८९० नं सुरू होणारा तो आकडा म्हणजे त्या कंपनीच्या त्या मापाच्या तुपाची ओळख. राज्यभरच्या प्रत्येक दुकानात त्या डब्यावर तोच आकडा असतो. मोबाइलचं बरं असतं, त्याला स्वतःचा आयएमईआय असतो. डब्याला फक्त बॅच क्रमांक आणि तारीख, आणि एका बॅचमध्ये हजारो डबे. म्हणून जाळं दोन्ही टोकांनी ओढायचं. ज्या दुकानांतून माल गेला त्यांच्याकडे त्या बॅचचा माल आला होता का, हे त्यांच्या खरेदी बिलांवरून बघायचं. ज्या किराणावाल्याकडे डबे सापडले त्याच्या वितरकानं ती बॅच त्याला कधी दिली होती का, हे वितरकाच्या वहीतून. जीएसटीचं बिल कुठे आहे? आणि वितरकाच्या दरापेक्षाही कमी भावानं तो विकत कसा होता? शेल्फवरच्या किमतीची चिठ्ठी खरवडल्याचा चिकट डाग, टॅगचा उरलेला तुकडा, हे पंचनाम्यात मोजमापासह आणि फोटोसह यायला हवं. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर दुबळी आहे. एकत्र आल्या की बचाव पक्षाला घाम फुटतो.

माल घेणाऱ्यासाठी संहितेत कलम ३१७ आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून घेतला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. आणि जो असा माल घेण्याचा धंदाच करतो त्याला उपकलम ४ खाली दहा वर्षं किंवा जन्मठेपही होऊ शकते. हे जुन्या ४१३ चंच रूप. चोराला तीन वर्षं आणि धंदेवाइक घेणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत, म्हणजे कायद्याला कोण मोठं ते कधीच कळलेलं आहे. आमच्या दोषारोपपत्रांत मात्र साध्या घेणाऱ्यावरचा जुना ४११ सर्रास आणि ४१३ क्वचित. कारण 'धंदा' सिद्ध करायला एकापेक्षा जास्त प्रसंग लागतात, आणि एकापेक्षा जास्त प्रसंग जोडायला पाच ठाण्यांतल्या पाच एन.सी. एकत्र वाचणारं कुणीतरी लागतं.

त्याऐवजी चालते ती 'रिकव्हरी'. तपासाचं मोल किती मुद्देमाल हस्तगत झाला यावर ठरत असलं की काय होतं, ते सराफ मंडळींना विचारा. आरोपीला सराफाच्या दारात उभं करायचं, यानंच घेतलं असं त्याच्याकडून वदवायचं, आणि तितक्या वजनाची लगड सराफानं काढून द्यायची. सगळीकडे असंच होतं असा माझा दावा नाही. पण ही तक्रार हवेतून आलेली नाही, आणि वितळलेल्या सोन्याला कुठलाच बॅच क्रमांक नसतो. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर त्या शोधापुरतं त्याचं बोलणं पुराव्यात घेता येतं. हा जुन्या २७ व्या कलमाचा नियम आता साक्ष अधिनियमाच्या २३ व्या कलमात आहे. त्याची हद्द प्रिव्ही कौन्सिलनं पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात आखून दिली, त्यालाही आता पाऊणशे वर्षं उलटली. तरी निवेदन पंचनाम्यात आरोपीचं अख्खं आत्मचरित्र लिहिणारे लेखनिक आजही आहेत. झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं सक्तीचं आहे. मला विचाराल तर या नव्या कायद्यांतली पोलिसांच्या सगळ्यांत भल्याची तरतूद तीच. प्रामाणिक जप्तीला साक्षीदार मिळाला. दुसऱ्या प्रकारची जप्ती करणाऱ्यांनी मात्र आता विचार करावा.

कॅमेऱ्याबद्दल थोडं. दुकानांतले डीव्हीआर ठरावीक दिवसांनी जुन्या चित्रणावर नवं चढवतात, त्यामुळे पहिलं पत्र पहिल्याच दिवशी गेलं पाहिजे. डीव्हीआरचं घड्याळ अनेकदा चुकलेलं असतं. खरी वेळ आणि यंत्रातली वेळ यांतला फरक तिथेच टिपून ठेवला नाही, तर आरोपी एकाच वेळी चाकणला आणि तळेगावला हजर असल्याचं न्यायालयात सिद्ध होतं, आणि मग आपलं सगळंच हसं होतं. पडद्यावर चाललेलं फुटेज हवालदारानं स्वतःच्या मोबाइलनं टिपायचं आणि तीच फीत जोडायची, ही पद्धत तर बंदच व्हायला हवी. इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं, आणि आता साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यात हॅश मूल्यही, म्हणजे फाइलचा अंकीय ठसाही, द्यावं लागतं. हे प्रमाणपत्र का हवं याचा देशभर वाचला जाणारा निकाल आपल्याच जालन्याच्या निवडणूक वादातून आला. खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, २०२०. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हे निवडणूक कार्यालयातल्या चित्रणावरून ठरायचं होतं. तूप असो की आमदारकी, प्रमाणपत्राला पर्याय नाही.

अमेरिकेचा दाखला अशा विषयात टाळता येत नाही, पण तो पुरता द्यावा. कॅलिफोर्नियात २०१४ च्या सार्वमतानं ९५० डॉलरपर्यंतची दुकानचोरी सौम्य गुन्हा ठरली. आपल्या पाच हजारांसारखीच ती रेघ. २०१८ मध्ये तिथल्या विधिमंडळानं संघटित दुकानचोरीचा वेगळा गुन्हा निर्माण केला. त्यात मिळून चोरणारे आले, तसेच चोरायला माणसं नेमणारे आणि माल घेणारेही आले. महामार्ग पोलिसांचं खास पथक त्याच कायद्यानं उभं राहिलं. २०२४ च्या सार्वमतानं वेगवेगळ्या चोऱ्यांच्या रकमांची बेरीज करायला वाव दिला. आपल्याकडे अशी बेरीज करायची की नाही यावर संहिता गप्प आहे. ही उणीव विधिमंडळांनी आणि न्यायालयांनी भरून काढावी. तोवर तपासी अंमलदाराला ११२ आणि ३०५ यांच्याच आधारानं चालावं लागेल.

तिथलं एक प्रकरण मला वर्गात सांगण्याजोगं वाटतं. सॅन दिएगो भागात राहणाऱ्या एका बाईनं तरुणींची टोळी बांधून अल्टा या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांतून राज्याराज्यांत माल उचलायला लावला आणि ॲमेझॉनवरच्या आपल्या दुकानातून तो कमी भावानं विकला. उलाढाल लाखो डॉलरची. घराच्या गॅरेजमध्ये माल रचून ठेवलेला सापडला. २०२४ मध्ये तिला पाच वर्षांहून अधिक शिक्षा झाली. तपास उचलणाऱ्या मुलींपाशीच थांबला असता तर तिनं दुसऱ्या मुली नेमल्या असत्या. ऑनलाइन विक्रेत्यानं आपली खरी ओळख बाजारपेठेला द्यावी म्हणून अमेरिकेत जून २०२३ पासून केंद्रीय कायदा लागू आहे. आपल्याकडे ई-कॉमर्सचे २०२० चे नियम विक्रेत्याचा तपशील मागतात. त्या तपशिलासाठी पत्र कुणाला आणि कोणत्या कलमाखाली लिहायचं, हे मात्र ठाण्यात फार थोड्यांना ठाऊक असतं.

आणि आता दाखल्याची दुसरी बाजू. अमेरिकेतल्या किरकोळ विक्रेत्यांच्या राष्ट्रीय महासंघानं २०२३ मध्ये एका अहवालात म्हटलं, की २०२१ सालच्या ९४.५ अब्ज डॉलरच्या घटीपैकी जवळजवळ निम्मी संघटित चोरीमुळे झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांना तो दावा मागे घ्यावा लागला. तोवर वर्तमानपत्रांतून आणि भाषणांतून तो देशभर फिरून आला होता. दुकानात माल कमी भरला की त्याला शॉर्टेज म्हणतात, आणि शॉर्टेज म्हणजे चोरी नव्हे. त्यात नोकरांनी नेलेला, फुटलेला, वितरकानं कमी दिलेला, संगणकात चुकीचा चढवलेला असा सगळाच माल येतो. मेरी ओवेन कॅमेरॉन यांनी शिकागोतल्या मोठ्या दुकानांचा अभ्यास करून १९६४ मध्ये पुस्तक लिहिलं. पकडल्या जाणाऱ्यांत धंदेवाइक थोडे आणि एरवी सरळ जगणारी साधी माणसंच जास्त, असं त्यांना आढळलं. तेव्हा फिर्याद घेऊन आलेल्या मॅनेजरला पहिला प्रश्न हा विचारायचा, की तुमचा शेवटचा साठा कधी मोजला होता आणि तो कुणी मोजला?

मॉलच्या सुरक्षारक्षकांबद्दलही बोललं पाहिजे. एखाद्या मुलीला मागच्या खोलीत दोन-तीन तास बसवून तिच्याकडून माफीनामा लिहून घेण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. खाजगी माणसाला अटकेचा अधिकार अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडला तरच मिळतो. तसं पकडलं तरी उगाच वेळ न लावता, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. पाच हजारांच्या आतल्या साध्या चोरीला तो अधिकारच नाही. तो माफीनामा हातात पडल्यावर पोलिसानं त्याला पुरावा समजण्याऐवजी, तो कसा लिहून घेतला गेला याची चौकशी करायला हवी.

आता जरा अवघड भाग. 'टोळी' शोधायला सांगितलं की महाराष्ट्रातला पोलीस कुठे बघतो? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मावरून गुन्हेगार ठरवले. मुंबई इलाख्याचे पोलीस महानिरीक्षक केनेडी यांनी १९०८ मध्ये इलाख्यातल्या 'गुन्हेगार वर्गां'वर ग्रंथ काढला. कुठली जमात कशी चोरी करते याची वर्णनं त्यात होती, आणि असल्या ग्रंथांवर अधिकाऱ्यांच्या पिढ्या शिकल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती मुक्त झाल्या. त्यांतल्याच एका जमातीत वाढलेल्या लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. साहित्यात मान मिळाला, ठाण्यांनी मात्र ते पुस्तक वाचलं नाही. दुकानात चोरी झाली की पालावरची पोरं उचलून आणायची, हे अजूनही ऐकू येतं. सुकन्या शांता प्रकरणात ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल दिला. त्यात विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून अर्नेशकुमार निकालातले अटकेबाबतचे निर्देश पाळा, असं पोलिसांना बजावलं. नवं ११२ वं कलम त्यातल्या मोघम 'टोळी'सह जुन्या यादीच्या हाती पडलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. मालाच्या मागावर जाण्याचा मी इतका आग्रह धरतो त्याचं एक कारण हेही आहे. मालाच्या मागे गेलात तर वाट घेणाऱ्याच्या दुकानाकडे जाते. जातीच्या मागे गेलात तर ती नेहमी त्याच वस्तीत जाते आणि तिथेच संपते.

कार्यपद्धतीची नोंद ही वेगळी आणि चांगली गोष्ट आहे. यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंगचे पोलीसप्रमुख ॲचर्ली यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत बसवली. वेळ, जागा, निमित्त, वाहन, माल अशी कृतीची नोंद त्यात असे. आपल्या जिल्ह्यांतली एमओबी, म्हणजे कार्यपद्धतींची नोंद ठेवणारी शाखा त्याच घराण्यातली. हान्स ग्रोसच्या तपासशास्त्रावरच्या जर्मन ग्रंथाचं इंग्रजी रूप १९०६ मध्ये मद्रासच्याच दोन बॅरिस्टरांनी केलं, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. म्हणजे केनेडींचा ग्रंथ निघाला तेव्हा दुसरा, शहाणा रस्ताही याच देशात छापून तयार होता. आज ठाण्यांना जोडणारं सीसीटीएनएस हे संगणकजाळं आहे, पण त्याचा रोजचा भर गुन्ह्यांवर. एन.सी. कुणी वाचत नाही. आयुक्तालयात एका शहाण्या हवालदाराला दर पंधरवड्याला सगळ्या ठाण्यांच्या दुकानचोरीच्या एन.सी. शेजारीशेजारी ठेवून वाचायला बसवा. दंडाधिकाऱ्यांना अहवाल पाठवताना तो कागद निघतोच. माझा अंदाज असा, की पहिल्याच वाचनात दोन-तीन त्रयी ओळखू येतील.

हे शिकवायचं कुठे? नाशिकच्या अकादमीत उपनिरीक्षकांना आणि खंडाळा, जालना, अकोला, तुरची इथल्या केंद्रांत शिपायांना. पण वर्गाबाहेर. एक दिवस सुपरमार्केटच्या गोदामात साठा मोजणाऱ्या मुलांबरोबर घालवावा, एक दिवस किराणा वितरकाच्या मुनिमाशेजारी बसून बिलं वाचावीत, आणि एक दिवस सत्र न्यायालयात मागच्या बाकावर बसून फुटलेल्या पंचाची साक्ष ऐकावी. वेगळं पथक काढण्याच्या बाजूचा मी फारसा नाही. पथक निघालं की त्याला आकडे लागतात, आणि आकडे लागले की रिकव्हरी सुरू होते.

दुकानदार फिर्यादीला का येत नाहीत, याचं उत्तर मुद्देमाल खोलीत आहे. तूप खटला संपेपर्यंत पडून राहिलं तर त्याचं काय होणार? सुंदरभाई देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच माल लवकर परत करा म्हणून सांगितलं होतं. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ नं फोटो आणि वर्णनपत्र करून माल निकालात काढण्याच्या मुदती घातल्या आहेत. त्यासाठी अर्ज कसा करायचा ते तपासी अंमलदारानं दुकानदाराला त्याच दिवशी सांगावं. दहा मिनिटांचं काम आहे.

राहिली परीक्षा. माझ्या मनातली प्रश्नपत्रिका दोन फायलींची आहे. दोन्हींत ४,३०० रुपयांचा माल गेलेला. एकीत कॉलेजच्या मुलानं एकट्यानं एक हेडफोन खिशात घातला, पहिलीच वेळ, आणि वडील किंमत भरायला तयार. तिथे ३०३ प्रमाणे दोषी ठरलाच तर समाजसेवेची शिक्षा आहे. त्याला ठाण्यात रात्रभर बसवण्यात कुणाचंच भलं नाही. दुसरीत आपली तुपाची त्रयी. पण तिच्यातही पिशवी भरणारी बाई रोजंदारीवर आणलेली असू शकते. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटकेची गरज का, हे लिहून ठेवावं लागतं आणि नोटिशीवर भागत असेल तर नोटीस द्यावी लागते. तिचा जबाब नीट घेतला तर किराणावाल्याचं दुकान सापडेल. दोन्ही फायलींवर एकच कलम लावणाऱ्याला मी पुन्हा परीक्षेला बसवेन. आणि दुसऱ्या फायलीत किराणावाल्याचं नाव न शोधणाऱ्यालाही.